पडलेला म्हैसासुर

हिरामण भोयेला कुणी फुकटचा चहा पाजायला लागलं, की कपाला हात लावायच्या आधी तो विचारतो, "काम काय हाय ते सांगा." काही काम नाही, सहज बोलावलं, असं उत्तर आलं तर मग तो चहा घेतच नाही. सहज कुणी कुणाला काही देत नसतं, हे त्याचं पक्कं मत. नाशिकच्या सातपूर भागातल्या एका छोट्या कारखान्यात तो पत्रा ठोकायच्या प्रेसवर उभा असतो. त्या कामात अर्धं आयुष्य काढून हाताची सगळी बोटं शाबूत असलेला माणूस त्या गल्लीत दुसरा सापडायचा नाही. मशीन बंद आहे असं मालकाने शपथेवर सांगितलं तरी हिरामण आधी त्यात लाकडाचा तुकडा सरकवतो. तो चेपला नाही तरच हात घालतो. नवी पोरं हसतात, तर हा आपली बोटं पसरून दाखवतो आणि पुन्हा कामाला लागतो.

त्याची बायको पुतळाबाई सांगते, लग्न ठरवायला आले तेव्हा यांनी माझ्या भावाला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरगी चांगली हाय ते दिसतंय, खोट काय हाय ते सांगा. भाऊ बिचारा गडबडून म्हणाला, जरा जास्त बोलते. तेव्हा कुठे यांचं समाधान झालं.

खोली सातपूरला असली तरी हिरामणचा जीव हरसूलच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावर. तिथे दर वर्षी होळीनंतर बोहाडा होतो. देवांचे, दैत्यांचे, जनावरांचे लाकडी मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर गावातून नाचत येतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं. हिरामणच्या घराकडे वाघ आहे. बाप भिमाजी थकला तेव्हा त्याने तो मुखवटा लेकाच्या डोक्यावर ठेवला आणि नियम सांगितले: उपास करायचा, पायात काही घालायचं नाही, आणि एकदा मुखवटा चढला की तोंडातून शब्द काढायचा नाही. बघणाऱ्यांनीही आत कोण आहे ते विचारायचं नाही. सगळ्यांना माहीत असतं, तरी विचारायचं नाही.

सगळ्यात शेवटी, उजाडल्यावर, देवी येते. तिच्याबरोबर वाघ येतो आणि समोरून म्हैसासुर. सगळा गाव त्याला खिजवत असतो, "पड रं, पड!" तोही शिंगं रोखून अंगावर धावून जातो. मग देवी त्याला पाडते. तो पडला की संबळ थांबतो. सगळे वाकून मातीला हात लावतात आणि थोडा वेळ कुणी काही बोलत नाही, रडणारी पोरंही आया छातीशी धरतात. मग चार जण म्हैसासुराला उचलून नेतात. तो आपल्या पायांनी उठून जात नाही, कधीच नाही. अख्ख्या बोहाड्यात हिरामणला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ती शांतता. वाघाच्या डोळ्यांच्या भोकांतून तो वाकलेल्या पाठी बघतो आणि वर्षभराचा सगळा संशय तेवढ्यापुरता त्याच्या अंगावरून उतरतो.

बाकी वेळी उतरत नाही, त्याला कारणही आहे. तो लहान असताना शहरातला एक हौशी गृहस्थ पाड्यावर आला होता. गोड बोलला, सगळ्यांबरोबर जेवला, आणि प्रदर्शनात मांडतो म्हणून गावातला जुना मारुतीचा मुखवटा घेऊन गेला. तो मारुती परत आला नाही. देवळातला खिळा अजून रिकामा आहे, आणि नंतर केलेला मारुती त्यावर टांगायला कुणी तयार होत नाही.

आता या माणसाच्या घरी कबड्डी खेळणारी पोरगी निघाली. तृप्ती पाड्यावरच्या शेणाने सारवलेल्या अंगणात शिकली, सातपूरच्या मैदानावर तयार झाली आणि यंदा नाशिकमध्ये मुलींची नवी लीग सुरू झाली तेव्हा 'गोदागर्जना' नावाच्या संघात घेतली गेली. संघ होता पिंपळगाव बसवंतच्या रविराज शेठचा. शेठ द्राक्षं परदेशी पाठवणारे. त्यांचं पॅकहाऊस, त्यांचं कोल्ड स्टोरेज, आणि आता बाजारात नवीन आणलेलं 'घोट' नावाचं द्राक्षाचं पेय. संघ विकत घेतला तो 'घोट' खपावं म्हणून, हे शेठ लपवतही नसत. संघाचं नाव लोकांच्या तोंडी बसवायचं काम त्यांनी योगिनी नावाच्या एका हुशार पोरीकडे दिलं होतं. कॉलेज रोडला तिचं ऑफिस. सगळे तिला मॅडम म्हणत.

योगिनी मॅडम तृप्तीची छोटी फिल्म काढायला कॅमेरावाल्यासह सातपूरच्या खोलीवर आल्या. पुतळाबाईला "काकू" म्हणाल्या, फरशीवर मांडी घालून बसल्या, नागलीची भाकरी खाल्ली आणि आणखी मागून घेतली. पुतळाबाई विरघळलीच. हिरामण कोपऱ्यात बसून बघत होता. भाकरी दुसऱ्यांदा मागितली, म्हणजे काहीतरी आहे. मारुती नेणारा माणूसही भरपूर जेवला होता.

भिंतीवर वाघाचा मुखवटा घातलेल्या भिमाजीचा फोटो होता. मॅडम घास हातात धरून उठल्या.

"काका, हे काय आहे?"

"फोटो हाय."

"हो, पण कसला?"

"जुना."

तृप्तीने कपाळाला हात लावला आणि बोहाडा म्हणजे काय ते सगळं सांगून टाकलं. मॅडमचे डोळे चमकायला लागले. "काका, लीगमध्ये इतके संघ आहेत आणि सगळ्यांचे मॅस्कॉट तेच. सिंह, गरुड, चित्ता. सगळे फोमचे. घरी जाईपर्यंत लोक विसरतात. कोण किती गुणांनी जिंकलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही, चेहरा राहतो. आपल्याला आपल्या मातीतला चेहरा हवा."

"मॅस्कॉट म्हंजे?"

"संघाचं सोंग, बाबा," तृप्ती म्हणाली.

हिरामणला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच त्याने विचारलं, "मग त्या सोंगाचं काय करनार?"

"जर्सीवर येईल, पोस्टरवर येईल, घोटच्या बाटलीवर येईल. आणि उद्या कुणी उचलू नये म्हणून आपण ते रजिस्टर करून घेऊ. म्हणजे ते फक्त आपलं."

रजिस्टर म्हणजे काय हे सातपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये एक जण दुसऱ्या कंपनीचा शिक्का मारून बेअरिंग विकत होता. एके दिवशी पोलिसांची गाडी आली आणि शेडला कुलूप लागलं. हिरामणच्या डोळ्यांसमोर पाड्यावरचा बोहाडा आला. संबळ वाजतोय, वाघ निघालाय आणि वाटेत वकील उभा: हा वाघ कंपनीचा आहे, परवानगी दाखवा.

"वाघ गाव सोडत नाय," तो म्हणाला.

"मग दुसरा एखादा?"

नाही म्हणून मोकळं व्हायचं सोडून हिरामण म्हणाला, "बघून सांगतो." तृप्तीचा संघ होता. सरळ नाही म्हटलं तर तिला बाकावर बसवतील, हा संशयही होताच.

हरसूलच्या आठवडे बाजारात त्याने चुलतभाऊ रंगनाथला गाठलं आणि स्वतःच्या खिशातून चहा पाजला. रंगनाथने आधी विचारलं, काम काय हाय. भोयांच्या रक्तातच ते आहे. सगळं ऐकल्यावर रंगनाथ मांडीवर थाप मारून हसला. म्हैसासुराचं सोंग त्याच्या घरचं. नवीन मुखवटा केल्यापासून कान तुटलेला जुना मुखवटा बकऱ्यांच्या गोठ्यात लटकत होता.

"त्यो घेऊन जा की," रंगनाथ म्हणाला. "दरसाल मरतो त्याला कोन रजिस्टर करील? केला तं केला. मरनारा जाईल, वाघ ऱ्हाईल."

हिरामणलाही हसू आवरेना. शहाणपणाचं वाटलं त्याला. मशीनमध्ये हात घालायच्या आधी लाकडाचा तुकडा घालून बघायचा, तसंच हे. आणि शहरात कुणाला कळणार होतं म्हैसासुर कोण आणि मारुती कोण?

मुखवटा बघून योगिनी मॅडम खुर्चीतून उठल्याच. "काय शिंगं आहेत! काका, हा कोण?"

"लय ताकदीचा हाय."

"देव आहे?"

"देवालाबी भारी पडतो," हिरामण म्हणाला. यात खोटं काही नव्हतं, बोहाड्यात शेवट येईपर्यंत तसंच असतं. शेवटी त्याचं काय होतं हे मॅडमनी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. त्याने फक्त अटी घातल्या. मुखवटा दुसऱ्या कुणी चढवायचा नाही, मीच चढवणार. सामना संपला की तो माझ्या घरी येणार. कुठल्या कागदावर मी सही करणार नाही. मॅडम सगळ्याला हो म्हणाल्या. इतक्या पटकन हो म्हणतात म्हणजे नक्की काहीतरी आहे, असं म्हणत तो घरी आला.

पुढच्या आठवड्यात मॅडमच्या ऑफिसातला एक चष्मेवाला पोरगा मोबाइल धरून मुखवट्याभोवती गोल गोल फिरायला लागला. वरून, खालून, शिंगांच्या मधून. हिरामणने खांद्यावरचा टॉवेल काढून मुखवट्यावर टाकला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिला. मुखवटा गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन तो सिटी बसने ये-जा करायचा. कंडक्टरने विचारलं, काका, कोंबडा आहे का? तरी त्याने गोणपाट उघडून दाखवलं नाही.

कंपनीने त्याचं नाव ठेवलं गर्जू. आता म्हैसासुराला गर्जू! द्राक्षाच्या रंगाची जर्सी, वर लाकडी रेड्याचं तोंड, तुटलेल्या कानाच्या जागी सोनेरी कागद. पंचवटीच्या बाजूच्या क्रीडा संकुलात पहिला सामना होता. हिरामणने दाराशी चपला काढल्या, मुखवटा चढवला आणि मॅटच्या कडेने नाचायला लागला. तोंड बंद. निवेदक माइक पुढे करून म्हणाला, "गर्जू, प्रेक्षकांना हॅलो म्हणा!" गर्जू काही म्हणेना.

हिरामणने सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त आपल्याच माणसांचा विचार करायला विसरला होता. पाड्याची पोरगी टीव्हीवर दिसेल अशा लीगमध्ये खेळतेय, मग पाडा घरी बसेल का? हरसूलकडून जिपा भरभरून माणसं आली होती. सगळी वरच्या पायऱ्यांवर बसली आणि खाली बघतात तर काय, पोरीच्या संघापुढे म्हैसासुर नाचतोय.

मग कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तं मरनारा!" सगळी पायरी हसत सुटली. आणि बोहाड्यात ओरडतात तशीच आरोळी आपोआप उठली, "पड रं, पड!" समोरच्या संघाच्या लोकांना अर्थ कळला नाही, पण हुर्यो उडवायला एवढं पुरतं. त्यांनीही धरलं. अख्खं संकुल 'पड, पड' करायला लागलं आणि मुली आपल्याच लोकांकडे बघत राहिल्या. तो सामना त्या हरल्या. पुढचाही हरल्या.

दुसऱ्या सामन्यात नाचता नाचता हिरामण कठड्याजवळ गेला तेव्हा त्याला ओळखीचा आवाज ऐकू आला. सावळीराम बोलत होता. पाड्यावर देवीचं सोंग त्याच्या घरचं.

"सोंग गावाबाहेर गेलंच कसं? कुनीतरी खाल्लं यात."

"रंगनाथनं?"

"नायतं हिरामणनं. त्याचीच पोरगी हाय ना संघात?"

"आत कोन हाय मंग?"

आत कोण आहे ते विचारायचं नसतं. पण ते सगळे भोकांतून आत बघायचा प्रयत्न करत होते, आणि हिरामण आतून त्यांच्याकडे बघत होता. जन्मभर त्याने लोकांना याच नजरेने पाहिलं होतं. ती नजर अंगावर आली तेव्हा त्याला मुखवट्यात घाम फुटला. आपण खाल्लं नाही हे ओरडून सांगावंसं वाटलं, पण मुखवट्यातून बोलायचं नसतं.

घरी तृप्ती गुडघ्याला पट्टी बांधत बसली होती. ती चिडली नाही, तेच वाईट.

"बाबा, वाघ द्यायचा नव्हता तर नाही म्हणायचं होतं. मला बाकावर बसवलं असतं तरी चाललं असतं. माझ्या संघापुढे मरणारा का उभा केलात?"

हिरामण भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. पुतळाबाई चुलीपाशी नव्हती तरी चुलीसारखीच धगधगत म्हणाली, "कंपनीला फसवाया निघाले आन् पोरीला फसवून बसले." त्याला हे फार लागलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि कुणी त्याला जेवायचा आग्रहही केला नाही.

तिसरा सामना हरला की गोदागर्जना लीगमधून बाहेर. शेवट जवळ आला तेव्हा संघ मागेच होता. तृप्ती चढाईला निघाली, पण तिने 'कबड्डी' म्हटलं की वरून 'पड, पड' यायचं आणि तिचा दम मध्येच मोडायचा. एकदा ती रिकामी परत आली. दुसऱ्यांदा मधल्या रेषेवरच थबकली. वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून ती उभी राहिली आणि मान वळवून तिने मॅटच्या कडेला उभ्या म्हैसासुराकडे पाहिलं. आत बाप आहे हे तिला माहीत होतं.

ही आरोळी कशाने थांबते हे हिरामणला ठाऊक होतं. जगात एकाच गोष्टीने थांबते.

त्याने पाऊल बदललं. रंगनाथ बदलतो तसं. शिंगं रोखली, पुढे धावला, कुणीतरी छातीत तलवार खुपसावी तसा वाकला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि उताणा पडला. लाकडी शिंगं फरशीवर आपटली, तो आवाज वरपर्यंत गेला.

वरची पायरी गप्प झाली. तिथे संबळ नव्हता, देवी नव्हती, माती तर नव्हतीच. तरी पाड्याची सगळी माणसं उठली, वाकली आणि सिमेंटच्या पायरीला हात लावला. सावळीरामनेही लावला. एवढी माणसं एकाएकी का वाकली हे शहरातल्या लोकांना कळेना. कुणाला काही झालं की काय या शंकेने तीही गप्प झाली. बघता बघता सगळ्या संकुलात शांतता पसरली.

आणि त्या शांततेत तृप्तीचा आवाज आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. हिरामण छताच्या दिव्यांकडे बघत ऐकत होता. पायांचे आवाज, झटापट, कुणाचं तरी अंग मॅटवर आपटलं, पण आवाज तुटला नाही. मग एकच गलका झाला. तिघींना बाद करून पोरगी परत आली होती. सामना तिथेच फिरला. मुखवट्याच्या आत हिरामणचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात नेता येत नव्हता, कारण तो मेलेला होता.

कठड्यावरून उड्या टाकून पाड्यावरचे चार जण आले आणि त्यांनी त्याला उचलून बाहेर नेलं. बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी, त्याने मुखवटा उतरवला. समोर सावळीराम उभा होता.

"तूच का रं?"

"मीच."

सावळीराम "बरा पडलास," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. आता म्हैसासुर कोण ते कळलं असणार, आता खडसावतील, अशी मनाची तयारी करून हिरामण गेला. योगिनी मॅडमना सगळं कळलं होतं. त्या हसत होत्या.

"काका, तुम्ही मला बनवलंत ना? जाऊ दे. पण काल जे केलंत ते आमच्या धंद्यात कुणालाच जमत नाही. आम्ही काय करतो? गोंगाटात आणखी मोठ्याने ओरडतो. तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत. असली शांतता विकत घ्यायची म्हटली तर मिळत नाही. त्या शांततेत जो शब्द बोलू तो माणूस घरी घेऊन जाणार."

रविराज शेठ खुर्चीत पुढे सरकले. "फक्त येकच हाय, भाऊ. आपला गडी मेलेला नको. तो पडनार, सगळे गप बसनार, मंग माइकवरून आवाज येनार: 'एक घोट, आणि ऊठ!' बाटली तोंडाला लावायची आन् उठून उभं राहायचं. पब्लिक येडी होईल."

"पडलेला उठत नाय," हिरामण म्हणाला.

"आहो, खेळ हाय!"

"खेळच हाय. म्हनून तं उठत नाय."

शेठनी समजावलं, मॅडमनी समजावलं. हिरामणने मुखवटा गोणपाटात गुंडाळला आणि उठला. मनात म्हणत होता, आता येतील मागे. मुखवटा माझ्याकडे आहे, कागदावर सही नाही, फोटो नीट काढू दिले नाहीत. करा काय करायचं ते. मॅडम खरंच दारापर्यंत आल्या.

"मुखवटा तुम्हीच ठेवा, काका. तो गावाचा आहे, गावातच शोभतो. आम्ही फोमचा करून घेऊ." त्यांनी दार उघडून धरलं. "लोकांना मुखवटा नकोच आहे हो. त्यांना पडणं हवंय."

हिरामणने त्यांच्या चेहऱ्यावर कपट शोधलं. सवयीने, बारकाईने शोधलं. सापडलं नाही. पोरगी मनापासून, काळजीने बोलत होती. त्याला जास्त भीती त्याचीच वाटली. इतके दिवस तो लाकडाला मिठी मारून बसला होता, बसमध्ये मांडीवर घेऊन फिरला होता, आणि द्यायची नव्हती ती गोष्ट त्याने स्वतः, कुणी न मागता, मॅटच्या कडेला पसरून दिली होती.

पुढचे सामने त्याने खोलीवर बसून मोबाइलवर पाहिले. फोमची शिंगं लावलेला एक चपळ पोरगा कोलांटी मारून पडायचा. संकुल गप्प व्हायचं. मग माइकवरून, 'एक घोट, आणि ऊठ!' पोरगा बाटली तोंडाला लावायचा, लोक 'ऊठ! ऊठ!' करायचे आणि तो उडी मारून उभा राहायचा. शाळेतली पोरं गल्लीत पडून पडून उठायला लागली. तृप्तीचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिचं नाव झालं, पेपरात फोटो आला आणि हिरामणने तो कापून भिमाजीच्या फोटोशेजारी लावला. त्याला आनंद होता, खोटा नव्हता. पण फोटो लावताना त्याने वाघाच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

होळी झाली आणि पाड्यावर बोहाडा आला. हिरामणने उपास केला, वाघ चढवला. रात्रभर सोंगं निघाली. कंपनी आली नव्हती. वकील आला नव्हता. मोबाइल होते, पण ते आता सगळ्यांकडेच असतात. उजाडायला लागलं तसा हिरामण जरा सैल झाला. वाघ वाचला होता. गावाचं सगळं गावात होतं.

सूर्य डोंगरावर आला तेव्हा सावळीराम हिरवं लुगडं नेसून, देवीचा मुखवटा चढवून, हातात तलवार घेऊन निघाला. शेजारी वाघ. समोरून रंगनाथचा म्हैसासुर आला, नव्या मुखवट्यातला. संबळ कडाडला. गाव खिजवायला लागला, "पड रं, पड!" रंगनाथ धावून आला, वाकला, गिरकी घेतली आणि धुळीत उताणा पडला.

संबळ थांबला. पाठी वाकल्या. हिरामणने श्वास धरला. आली, त्याची शांतता आली.

आणि पोरांच्या रांगेतून एका पोराने ठणकावून आरोळी दिली, "एक घोट!"

"आणि ऊठ!" सगळी पोरं ओरडली.

वाकलेले काही जण दचकून वर बघायला लागले. कुणी दटावलं, कुणी हसलं. पण पोरं थांबेनात. टाळ्या वाजवत, पाय आपटत, "ऊठ! ऊठ! ऊठ!" मागच्या बायांतूनही एकदोन आवाज मिसळले. उचलायला पुढे आलेले चौघे घोटाळून जागीच उभे राहिले. धुळीत पडलेला म्हैसासुर आधी हलला नाही. मग त्याचं पोट हसण्याने हलायला लागलं. त्याने एक हात वर केला, कुणीतरी त्या हातात पाण्याची बाटली दिली, आणि रंगनाथ उठून उभा राहिला.

गाव टाळ्यांनी दणाणला. देवी तलवार उगारून तशीच उभी होती. पाडलेल्या दैत्याला पुन्हा पाडतात की नाही हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने मान वळवून वाघाकडे पाहिलं, आता काय करायचं म्हणून.

वाघाला बोलायचं नसतं.